गुडघे दुखतायत आणि फिजिओ म्हणते आधी पोट-कंबर बळकट करा. कोणी केलंय का?

सुमन_साताऱ्याची (१४ जानेवारी, रात्री ९:५०)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ५४, साताऱ्याजवळ प्राथमिक शाळेत शिकवते, २८ वर्षं फळ्यासमोर उभी आहे. दोन्ही गुडघे सहा वर्षांपासून दुखतात, उजवा जास्त. एक्स-रेत मध्यम झीज आलीय. हाडांचे डॉक्टर म्हणाले ऑपरेशनची वेळ आलेली नाही, वजन उतरवा, मांडीचे व्यायाम करा, आणि एक छापील कागद हातात दिला. कागदावरचं सगळं मी मनापासून केलं हो, पण दहा-बारा दिवसांत उजवा गुडघा टम्म फुगायचा, मग मी घाबरून बंद करायची, कमी झालं की परत सुरू. असं तीनदा झालं.

आता मैत्रिणीच्या ओळखीनं एक तरुण फिजिओ मुलगी भेटली. तिनं गुडघ्याला हातसुद्धा लावायच्या आधी मला आरशासमोर एका पायावर उभं केलं आणि म्हणाली, काकू बघा, तुमचा गुडघा आत पडतोय आणि कंबर दुसऱ्या बाजूला खचतेय, आपण सुरुवात पोट-कंबर-पुठ्ठ्यापासून करू. मला पटलंही आणि नाहीही. दुखणं गुडघ्याचं आणि व्यायाम पोटाचे, हे काय?

दुसरी अडचण म्हणजे मला जमिनीवर बसून परत उठणं जड जातं, आणि गुडघे टेकवणं तर अजिबातच होत नाही. व्हिडिओ बघावे तर सगळेजण गुडघ्यावर ओणवे झालेले. तर कोणी असं केलंय का, किती दिवसांनी फरक पडला, आणि गुडघे न टेकवता काय काय करता येतं?

आमच्या शाळेचा जिना २२ पायऱ्यांचा आहे. चढताना एवढं नाही, उतरताना मात्र कठडा धरून आडवी आडवी उतरते, वह्यांचा गठ्ठा चौथीच्या मुली घेतात. त्या हौसेनं घेतात पण मला बरं वाटत नाही.

कैरीची_फोड (१४ जानेवारी, रात्री १०:१५)

वाचतेय. माझाही डावा असाच. +१

तालमीतला_बाळू (१४ जानेवारी, रात्री १०:४०)

सुमनताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. गुडघ्याचा खरा आधार म्हणजे मांडी. आमच्याकडे तालमीत वस्ताद सांगायचे मांडी भरली की गुडघा बोलत नाही. हे पोट-कंबरेचं कोअर कोअर म्हणजे जिमवाल्यांनी आणलेलं आहे, सगळ्या दुखण्यावर एकच औषध. पोट आवळून गुडघा कसा बरा होईल? मांडीचे व्यायाम कमी मापात करा पण सोडू नका. माझं वय ६१, अजून रोज ४० बैठका मारतो.

पायवाट_फिजिओ (१५ जानेवारी, सकाळी ७:०५)

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला. सुमनताई, तुम्हाला तपासलेलं नाही त्यामुळे तुमच्या फिजिओचं ऐका, मी फक्त त्यामागचं कारण सांगते.

बाळूदादा, तुमचं अर्धं बरोबर आहे. झिजेच्या गुडघ्याला मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम हवाच, त्याला पर्याय नाही, आणि कोअर केलं म्हणून मांडी केली नाही तरी चालेल असं कोणी सांगत असेल तर ते चूक आहे. पण ताईंचा गुडघा दरवेळी फुगतोय हे वाचलंत ना? गुडघ्यात थोडं जरी पाणी साठलं तरी मांडीच्या त्या स्नायूला वरून जाणारा हुकूमच कमी होतो, शरीर स्वतःच तो स्नायू मंदावतं. अशा वेळी माणूस जोर लावत राहतो, स्नायू पुरता कामाला लागत नाही आणि भार जातो सांध्यावर. म्हणून गुडघा शांत होईपर्यंत वरच्या मजल्याची डागडुजी करायची, त्यात काही वाया जात नाही.

दुसरी गोष्ट चालण्याची. चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एकाच पायावर असतो. त्या क्षणी कमरेचं हाड आडवं सरळ धरून ठेवायचं काम खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू करतात आणि धड सरळ ठेवायचं काम पोट-पाठीचे. ते दमले की कंबर खचते, मांडी आत वळते, आणि गुडघा बिचारा मधल्यामधे सापडतो. त्याला स्वतःचं असं फारसं स्वातंत्र्य नाही, वर खुबा आणि खाली घोटा जिकडे नेतील तिकडे जातो. तुमच्या फिजिओनं आरशात दाखवलं ते हेच.

आणि कोअर म्हणजे सिक्स पॅक नव्हे. पोटाचा खोल आडवा स्नायू कमरपट्ट्यासारखा असतो, मागे मणक्याला चिकटलेले छोटे स्नायू, वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ. चार बाजूंनी बंद डबा समजा. डबा घट्ट असला की हातपाय त्यावर जोर घेऊ शकतात.

खडीसाखर (१५ जानेवारी, सकाळी ९:३०)

वरच्या मजल्याची डागडुजी, हे आईला सांगणार आहे. आमची आई ७१ ची, तिला फिजिओनी डेड बग नावाचा व्यायाम दिलाय, उताणं झोपून हात-पाय वर आणि मग उलटसुलट एकेक खाली. आई त्याला मेलेलं झुरळ म्हणते. रोज सकाळी सात वाजता घरात आवाज येतो, "अगं चहा ठेव, माझं झुरळ होत आलंय." नातू शेजारी झोपून तिच्याबरोबर करतो. गुडघ्याला अजिबात त्रास नाही या व्यायामात, कारण त्यावर वजनच येत नाही.

सुमन_साताऱ्याची (१५ जानेवारी, दुपारी ४:२०)

झुरळ फार आवडलं! खडीसाखर, आईंना नमस्कार सांगा. पायवाट ताई, इतकं समजावून सांगितलंत, आज पहिल्यांदा नीट डोक्यात शिरलं. पण मग गुडघे न टेकवता काय करू तेवढं सांगाल का? आणि मला बीपीची गोळी चालू आहे.

पायवाट_फिजिओ (१५ जानेवारी, रात्री ८:४५)

सगळं पलंगावर करा, फक्त गादी फार मऊ नको. जमिनीचा हट्ट नाही.

सुरुवात श्वासापासून. उताणं झोपा, गुडघे दुमडलेले, तळवे टेकलेले. बोटं कमरेच्या पुढच्या हाडांच्या जरा आतल्या बाजूला ठेवा आणि हलकं खोका. बोटांखाली जे कडक होतं ना, तेच हवंय. आता न खोकता तेवढंच कडक करायचं, सगळा जोर लावून नाही, आणि श्वास चालू ठेवायचा. बीपी आहे म्हणून तर हे फारच महत्त्वाचं, श्वास रोखून जोर लावला की बीपी वर जातं. मोठ्यानं आकडे मोजा, बोलत असलात की श्वास आपोआप चालू राहतो. शिक्षिकेला पाढे म्हणायला सांगायला हवं का? दोनाचा पाढा म्हणा.

मग ब्रिज, आपलं सेतुबंधासन. टाचा फार जवळ ओढू नका, गुडघा जास्त दुमडला की वाटीवर ताण येतो. टाचेवर जोर देऊन पुठ्ठे उचला, पाच मोजा, सावकाश खाली. मांडीच्या मागे गोळा आला तर पाय एखादा इंच जवळ घ्या. ताण पुठ्ठ्यात जाणवायला हवा, कमरेत जाणवत असेल तर जास्त वर गेलात.

मेलेलं झुरळ तुम्हाला सुरुवातीला जड जाईल, आधी त्याचं लहान भावंड करा. एक टाच गादीवरून सरकवत पाय लांब करायचा आणि परत आणायचा, तेवढ्यात कंबर गादीवरून उचलली जाऊ द्यायची नाही. दिसायला काहीच नाही पण आठवेळा केलं की कळतं.

कुशीवर झोपून शिंपला. टाचा जुळलेल्या, वरचा गुडघा उघडायचा, कंबर मागे कलंडू द्यायची नाही. हा खुब्याच्या बाहेरच्या स्नायूसाठी.

प्लँक जमिनीवर नको, स्वयंपाकघराच्या ओट्यावर करा. हात ओट्यावर, पाय मागे, टाळूपासून टाचेपर्यंत एक रेघ. दहा-दहा सेकंद. साइड प्लँकसुद्धा भिंतीला कोपर टेकून उभ्यानं होतो.

एवढंच. रोज पंधरा मिनिटं. दोन्ही पाय एकदम वर उचलायचे, उठाबशा काढायच्या, हे नको, कमरेवर येतं.

कोकणातला_फणस (१६ जानेवारी, सकाळी ११:१०)

शेवटच्या वाक्याला माझी साक्ष. गुडघे दुखतात म्हणून कोअर करायचं एवढंच ऐकलं आणि व्हिडिओ लावून सिट-अप मारायला लागलो, रोज पन्नास. तीन आठवड्यात गुडघा होता तिथंच आणि कंबर धरली ती वेगळी, पेंड्या बांधायच्या दिवसात आडवा पडून होतो. बायको एकटी शेतावर. कोणाला तरी दाखवून मगच करा रे बाबांनो.

तालमीतला_बाळू (१६ जानेवारी, दुपारी १:००)

पायवाट ताई, पाणी साठलं की मांडीचा स्नायू मंदावतो हे मला नवीन आहे, आणि आठवून बघितलं तर पटतंय. आमच्या तालमीत एकाचा गुडघा पिरगळला होता, महिन्याभरात ती मांडी नुसती वाळून गेल्यासारखी झाली होती, तो व्यायाम करत होता तरी. तेव्हा आम्ही त्याला आळशी म्हणालो होतो.

आणि एक कबूल करतो, जोर मारताना आपण जे धड फळीसारखं ताठ धरतो ते तुमचं कोअरच झालं की. म्हणजे आमच्याकडे होतंच, नाव नव्हतं.

मधुरा_मेलबर्न (१६ जानेवारी, दुपारी ३:३५)

इथला अनुभव लिहिते. माझ्या सासूबाई आमच्याकडे असतात, ६८, दोन्ही गुडघे. इथे ग्लॅड नावाचा कार्यक्रम चालतो, मूळचा डेन्मार्कचा, २०१३ साली तिथे सुरू झाला, मग ऑस्ट्रेलियात आला. दोन वर्ग नुसते समजावून सांगण्याचे आणि मग सहा आठवड्यांत बारा वेळा फिजिओसमोर व्यायाम. त्यात पहिल्या भागात कंबर उचलणं, धड सावरणं हेच असतं, मग पाऊल कुठे पडतंय, गुडघा पंजाच्या रेषेत राहतोय का, मग खुर्चीतून उठणं, पायरी.

सगळ्यात उपयोगी पडलं ते दुखण्याचं माप. शून्य ते दहात दुखणं किती ते स्वतःच सांगायचं. दोनपर्यंत बिनधास्त, पाचपर्यंत चालेल, त्याच्या वर गेलं तर व्यायाम कमी करायचा. आणि वाढलेलं दुखणं २४ तासांत मूळ पातळीवर यायला हवं. नाही आलं तर बंद नाही करायचं, पुढच्या वेळी माप कमी करायचं. सुमनताई, तुम्ही तीन वेळा पूर्ण बंद केलंत ना, सासूबाईंचं भारतात असताना अगदी हेच व्हायचं. दुखलं की आता झीज वाढली असं त्यांना वाटायचं. तिथल्या मुलीनं सांगितलं की व्यायामात थोडं दुखलं म्हणजे सांधा झिजला असं नसतं, हे ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण त्या भीतीनं त्यांनी देवळात जाणंसुद्धा सोडलं होतं.

कैरीची_फोड (१६ जानेवारी, सायंकाळी ६:१५)

मधुरा, हे २४ तासांचं माप मी लिहून फ्रिजवर लावलं. एक विचारू का, माझा गुडघा दुमडताना कट कट वाजतो, त्याचं काय?

पायवाट_फिजिओ (१६ जानेवारी, रात्री ९:००)

आवाजाबरोबर दुखत नसेल, सूज नसेल तर त्याची काळजी करू नका, बऱ्याच चांगल्या गुडघ्यांतूनही आवाज येतो. पण गुडघा अडकून बसणं, अचानक दगा देणं, लाल-गरम होऊन सुजणं, सोबत ताप, किंवा पोटरी सुजून दुखणं यातलं काहीही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. हे सगळ्यांसाठीच लिहितेय.

तुळशीकट्टा (१७ जानेवारी, सकाळी ८:२०)

आमच्याकडे तिळाचं तेल कोमट करून रात्री चोळतात, त्यानं मला फार बरं वाटतं. कोणी काही म्हणो.

खडीसाखर (१७ जानेवारी, सकाळी ८:५०)

तेलाला कोणी नाही म्हटलंच नाहीये ताई. आई तेल लावून झोपते आणि सकाळी झुरळ करते, दोन्ही नांदतात.

आरामखुर्ची_पुणे (१७ जानेवारी, सकाळी १०:४०)

योगाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पुण्यात अय्यंगार पद्धतीच्या वर्गाला मी आणि सौ. नऊ वर्षं जातोय. बी. के. एस. अय्यंगार गुरुजींची देणगी अशी की आसन माणसाला जमत नसेल तर माणसाला वाकवायचं नाही, त्याच्याखाली लाकडी ठोकळा सारायचा, पट्टा द्यायचा, खुर्ची द्यायची, भिंतीतल्या दोरीला धरायला सांगायचं. सौ.ला वज्रासन अशक्य होतं. तिला खुर्ची, लोड आणि पट्टा एवढ्यावर सहा महिने उभं-बसतं करवून घेतलं. सेतुबंधासनात मांड्यांना पट्टा बांधला की गुडघे बाहेर फाकत नाहीत आणि पुठ्ठे नेमके कामाला लागतात, सुमनताईंनी हे करून बघावं, ओढणीसुद्धा चालेल.

सूर्यनमस्कारांचा आग्रह मात्र गुडघा फुगलेला असताना नको. शंभर सूर्यनमस्कार घालून गुडघे बरे झाले असं सांगणारे भेटतात, त्यांच्या पायऱ्या त्यांना लखलाभ, आपण आपल्या मोजाव्यात.

पंढरीची_वाट (१७ जानेवारी, रात्री ९:१५)

माउलींच्या पालखीबरोबर मी अकरा वाऱ्या केल्या, सातवीनंतर गुडघ्यानं त्रास दिला. दिवे घाट चढताना काही नाही हो, सासवडच्या मुक्कामाला पोचलं की रात्री गुडघा ठणकायचा, आणि सकाळी परत चालायचं. एका वर्षी घरी बसलो आणि टीव्हीवर घाट बघताना रडलो.

आमच्या दिंडीतल्या एका मुलाच्या आतेबहिणीनं मला हेच सांगितलं, काका तुम्ही चालता तेव्हा धड डावीकडं-उजवीकडं झुलतं. तिनं मला एकाच हातात पाच किलो पीठ धरून चालायला लावलं. एका हातात पिशवी, दुसरा मोकळा, आणि खांदे-कंबर सरळ. वाकडं व्हायचं नाही. आधी घरातल्या घरात वीस पावलं, मग हात बदलून वीस. हा व्यायाम कुठंही होतो, बाजारातून येतानासुद्धा. चार महिने रोज. त्याच्यासोबत खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, आधी खुर्चीवर दोन उशा ठेवून, मग एक, मग नुसती खुर्ची.

गेल्या दोन वाऱ्या झाल्या. पूर्ण चालतो असं सांगणार नाही, लोणंदपासून पुढं काही टप्पे ट्रकमध्ये बसतो. पण घाट चालतो.

सुमन_साताऱ्याची (१७ जानेवारी, रात्री ९:५०)

माउली! काका, लोणंद म्हणजे आमच्याच जिल्ह्यात आलात की हो. आषाढात लोणंदला पालखी येईल तेव्हा मी दर्शनाला येते, कोणत्या दिंडीत असता ते कळवा, तुमच्यासाठी भाकरी-पिठलं घेऊन येईन.

उद्यापासून पलंगावर सुरू करतेय. पीठ आहेच घरात.

सह्याद्री_नामक (१८ जानेवारी, सकाळी ७:३०)

माझं मत थोडं वेगळं. वजनाबद्दल सगळे मुग गिळून बसलेत. अमेरिकेत गुडघ्याची झीज असलेल्या वजनदार माणसांवर अभ्यास झाला, २००५ साली छापून आला, एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होतो असं निघालं. दिवसाची पावलं मोजा आणि गुणाकार करा. कोअर-बिअर ठीक आहे पण आधी ताट बघा.

कैरीची_फोड (१८ जानेवारी, सकाळी ८:१०)

दादा, ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय डॉक्टरांनी वजन सांगितलंय म्हणून. जिचे गुडघे दुखतात तिला चालता येत नाही म्हणून वजन वाढतं आणि वजन वाढतं म्हणून गुडघे दुखतात, त्या चरकातून बाहेर पडायला कुठून तरी धागा सापडायला हवा ना. पलंगावरचे पंधरा मिनिटं हा तो धागा आहे.

सह्याद्री_नामक (१८ जानेवारी, सकाळी ८:४०)

मान्य. सुमनताई, माझं बोलणं टोचलं असेल तर माफ करा. मी स्वतः ११ किलो उतरवलं तेव्हा सगळ्यात मोठा फरक जिन्यावर पडला, म्हणून कळकळीनं लिहिलं.

पायवाट_फिजिओ (१८ जानेवारी, रात्री ९:२०)

जिन्याचा विषय निघालाय तर सांगते, सुमनताईंच्या पहिल्या पोस्टमधलं उतरतानाच जास्त दुखतं याचं कारण. बर्लिनमध्ये काही रुग्णांना सेन्सर असलेले कृत्रिम गुडघे बसवले आणि चालताना-जिन्यावर आत नेमका किती भार येतो तो मोजला. सपाटीवर चालताना शरीराच्या वजनाच्या अडीचपटीहून जरा जास्त, जिना चढताना तिपटीहून जास्त, आणि उतरताना साधारण साडेतीनपट. उतरताना मांडीचा स्नायू लांबत लांबत ब्रेक लावतो, म्हणून त्याला जड जातं, आणि धड बाजूला झुकलं की ब्रेक आणखी कच्चा.

त्यामुळे शेवटी पायरी उतरण्याचा सरावच करावा लागतो. पलंगावरचे व्यायाम पाया आहेत, घर नाही. दीड-दोन महिन्यांनी विटेएवढ्या उंचीवरून सुरुवात करा, हाताला भिंत, गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो (१९ जानेवारी, दुपारी १२:३०)

आमच्या आईचे दोन्ही गुडघे बदलून झाले २०१८ मध्ये. तिच्या सर्जननी ऑपरेशनच्या आधी दोन महिने हेच ब्रिज, पाय सरळ उचलणं, खुर्चीतून उठणं करवून घेतलं होतं. म्हणाले, ऑपरेशननंतर वॉकर धरून उभं राहायचं ते दंड आणि पोटाच्या जोरावर, गुडघा तेव्हा पाहुणा असतो. आई दुसऱ्या दिवशी उभी राहिली. म्हणजे ज्यांना बदलायचेच आहेत त्यांनीही हे करावं. आणि हो, २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीला कमाल मर्यादा घातली, तोवर आम्ही पैशांसाठी थांबलो होतो, ते थांबणं आईच्या चालण्याला महाग पडलं.

पंढरीची_वाट (१९ जानेवारी, दुपारी २:००)

गुडघा पाहुणा असतो! बोलले बाकी खरं.

सुमन_साताऱ्याची (११ फेब्रुवारी, रात्री १०:०५)

मंडळी, हजेरी लावते. जवळजवळ साडेतीन आठवडे झाले. खरं सांगायचं तर गुडघ्यात काही विशेष फरक नाही. पण सूजही आली नाही, आणि हे माझ्यासाठी पहिल्यांदाच घडतंय. पाठ संध्याकाळी दुखायची ती थांबलीय, त्यासाठी मी हे केलंच नव्हतं.

एक गंमत सांगते. फिजिओनं मला आता ते हात-पाय लांब करायचं दिलंय, उलट हात आणि उलट पाय, बर्ड डॉग म्हणतात ते. गुडघे टेकवता येत नाहीत म्हणून पलंगावर जाड गोधडीच्या दोन घड्या नडगीखाली ठेवल्या, गुडघ्याची वाटी घडीच्या पुढे मोकळी राहील अशा, त्यामुळे वाटीवर काही येत नाही. मग तिनं माझ्या कमरेवर पितळी फुलपात्र ठेवलं, अर्धं पाणी भरून. म्हणाली सांडायचं नाही. पहिल्या दिवशी पाय उचलायच्या आतच चादर भिजली. मिस्टर आणि मुलगा दारात उभे राहून बघत होते. आता डाव्या बाजूला पाच सेकंद पाणी स्थिर राहतं, उजवा पाय टेकलेला असताना अजून डुचमळतं. दुखरा गुडघा उजवाच. त्या पाण्याकडे बघून मला एवढं कळलं जेवढं एक्स-रे बघून कळलं नव्हतं.

खडीसाखर (११ फेब्रुवारी, रात्री १०:२०)

फुलपात्र! आईला उद्याच देते. सूज आली नाही हीच मोठी बातमी आहे ताई, सोडू नका.

पायवाट_फिजिओ (१२ फेब्रुवारी, सकाळी ७:१५)

तुमच्या फिजिओला माझा सलाम, हे फुलपात्र मी उचलणार. साडेतीन आठवड्यांत गुडघ्यात फरक पडेल अशी अपेक्षा नकोच, स्नायूला खरी ताकद यायला दोन-तीन महिने लागतात. सूज नाही म्हणजे आता तिला विचारून मांडीचे व्यायाम हळूहळू परत आणायची वेळ झाली. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाच मोजायचे, तिथून सुरुवात.

तालमीतला_बाळू (१२ फेब्रुवारी, सकाळी ९:००)

आली का मांडी शेवटी! आनंद झाला. ताई, सावकाश करा, रोज करा. मीही एक सांगतो, बैठका ४० वरून २० वर आणल्या आणि त्यांच्या जागी भिंतीला कोपर टेकून तो आडवा प्लँक धरतोय. डाव्या बाजूला तीस सेकंद जातात, उजव्या बाजूला पंधरातच थरथरतो. ६१ वर्षं मला माहीत नव्हतं माझी एक बाजू कच्ची आहे.

सुमन_साताऱ्याची (२९ मार्च, रात्री ९:१५)

आज लिहायचंच होतं. मध्ये परीक्षांची गडबड, एक आठवडा पूर्ण चुकला, घरी लग्न होतं, दिवसभर पाटावर उठबस झाली आणि उजवा गुडघा पाचावर गेला. पूर्वी असती तर व्यायाम सोडून दिले असते. मधुराचं माप आठवलं, दुसऱ्या दिवशी निम्मेच केले, शिंपला आणि श्वास तेवढाच. तिसऱ्या दिवशी दोनवर आला.

काल पाचवीच्या वर्गातून खाली येताना वह्या माझ्याच हातात होत्या. लक्षात आलं तेव्हा मी अर्ध्या जिन्यावर होते. सरळ उतरत होते, आडवी नाही. मग लक्षात आल्यावर भीती वाटली आणि उरलेल्या अकरा पायऱ्या कठडा धरून उतरले, पण सरळच. खाली आल्यावर एक मुलगी म्हणाली, बाई आज आमच्याकडं दिल्या नाहीत वह्या? तिला वाईट वाटलं म्हणून निम्म्या तिला दिल्या.

गुडघे दुखायचे थांबले असं नाही. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं आजही जड जातात. वजन अडीच किलो उतरलंय, सह्याद्री दादा, ताट बघतेय. उजव्या बाजूचं पाणी आता आठ सेकंद.

मधुरा_मेलबर्न (३० मार्च, सकाळी ६:४०)

सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या तिला सांग, मीसुद्धा पहिल्यांदा असंच अर्ध्या जिन्यात थांबले होते.

नवीन_सभासद_वर्षा (३० मार्च, सकाळी ११:२५)

सगळा धागा एका बैठकीत वाचला. माझे सिझेरियन दोनदा झालंय, पोट आवळलं की मधोमध उंचवटा येतो, बोटं आत जातात. गुडघे ४१ व्या वर्षीच दुखतायत. मी हे करू शकते का?

पायवाट_फिजिओ (३० मार्च, रात्री ९:३०)

वर्षा, तो उंचवटा म्हणजे बहुतेक पोटाचे मधले स्नायू फाकलेले असावेत, हर्निया आहे का तेही आधी डॉक्टरांना दाखवून घे. तोपर्यंत प्लँक, झुरळ, फुलपात्र काहीच नको. श्वास सोडताना ओटीपोट हलकं आत-वर ओढायचं, मधे उंचवटा येता कामा नये, आणि कुशीवरचा शिंपला, एवढं चालेल. दाखवून आलीस की इथेच लिही, मी बघते.

सुमन_साताऱ्याची (३० मार्च, रात्री ९:५५)

वर्षा, दाखवून ये गं आधी. आणि साताऱ्याच्या आसपासची असशील तर मला मेसेज कर, फिजिओकडे पहिल्या दिवशी मी येते तुझ्याबरोबर.